मुलांचे काय, हे उचल घेण्याआधी ठरवावे

धारूर तालुक्यातील एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘माझे दादा आणि वहिनी गेली अकरा वर्षे दर हंगामाला ऊसतोडीसाठी सांगलीकडे जातात. माझे बी.ए.पर्यंतचे शिक्षण त्यांच्या कोयत्यावर झाले. सध्या मी बीडला राहून पोलीस भरतीची तयारी करतो. त्यांची मुलगी सातवीत आणि मुलगा तिसरीत आहे. आजवर दोघे आजीजवळ गावी राहत होते, पण यंदा आजी फार थकली आहे, तिला डोळ्यांनीही कमी दिसते. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार, एक लाख वीस हजार उचल (आगाऊ मजुरी) द्यायला तयार आहे. दिवाळीनंतर मुलांना सोबत न्यावे की गावी ठेवावे? आणि आईवडील एवढे झिजतात, त्यातून मुलांचे खरेच भले होते का?’

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षे काम केले, आधी शिक्षक म्हणून आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे काही शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक म्हणून, आणि त्यांपैकी चौदा हंगाम हंगामी वसतिगृहांची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या अनुभवावरून उत्तर देताना पहिली गोष्ट ही सांगावी लागेल की तुमचा प्रश्न दिवाळीचा नाही. मुले सोबत जाणार की मागे राहणार, हे घरातली माणसे दिवाळीनंतर गाडीत सामान भरताना ठरवतात असे वाटते. प्रत्यक्षात ते पावसाळ्यात, मुकादमाच्या हातून उचल घेतली त्याच दिवशी, कोणी एक शब्दही न बोलता ठरून गेलेले असते. तुमच्या दादांनी अजून पैसे घेतलेले नाहीत असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते, म्हणून हे उत्तर लांबले तरी शेवटपर्यंत वाचावे आणि शक्य झाले तर दादा-वहिनींना वाचून दाखवावे.

एक लाख वीस हजारांचा हिशोब आधी करू. २०२४ च्या जानेवारीत मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तोडणीचा दर टनामागे साडेतीनशे रुपयांच्या पुढे गेला. तो साधारण ३६५ धरला तरी ही उचल फिटण्यासाठी दोघांना ३३० टनांच्या आसपास ऊस तोडून, मोळ्या बांधून गाडीत भरावा लागेल. चांगल्या फडात (तोडणीला आलेल्या उसाच्या शेतात) चांगल्या प्रकृतीचे जोडपे दिवसाला दीड ते दोन टन तोडते. दोन टन धरले तरी १६५ दिवस होतात आणि त्यात एकही खाडा, म्हणजे काम बुडालेला दिवस, धरलेला नाही. गाळप हंगाम मात्र १२० ते १५० दिवसांचा असतो, आणि पाऊस कमी झाला की तोही आवरता घेतला जातो. याखेरीज हंगामात मुकादमाकडून घरखर्चाला उचललेली रक्कम, म्हणजे खर्ची, त्याच खात्यावर चढते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून येणारे रोजचे पैसे तेल-मिठातच जातात. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी गुढीपाडव्याला काही हजारांची बाकी अंगावर राहणार, ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळणार आणि पुढच्या वर्षी ‘जायचे की नाही’ हा प्रश्न विचारण्याची सोयच उरणार नाही. तुमच्या दादांची अकरा वर्षे याच पद्धतीने गेली असावीत.

या आकड्यांचा मुलांशी संबंध असा आहे. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते. त्या कोयत्यावर जितके टन चढवलेले असतात, तितका दिवसातला एकेक तास महाग होतो. पहाटे चारला फडात उतरायचे असेल तर भाकरी कोण करणार, पाणी कोण आणणार, रात्री अकराला गाडी आली की कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) लहान मुलापाशी कोण थांबणार, हे सगळे तास आईच्या वाट्याचे असतात. ते वाचवण्याचा एकच मार्ग त्या पालावर उपलब्ध असतो आणि तो म्हणजे बारा-तेरा वर्षांची मुलगी. उचल जितकी फुगलेली, तितकी ती मुलगी चुलीपाशी बसण्याची शक्यता अधिक, हे मी घरोघरी पाहिले आहे. त्या आईबापांचे मुलीवर प्रेम नसते असे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. प्रेम असते, पण टनाचा हिशोब आधीच झालेला असतो.

आता सोबत नेण्याचा विचार करू. तिथे गेल्यावर शाळा मिळेल का? १९९० नंतरच्या काळात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत असत आणि काही संस्थांनी त्या फार चांगल्या चालवल्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, मुलांना नियमित शाळेतच दाखल करावे असे धोरण आले आणि साखरशाळा बहुतेक ठिकाणी बंद पडल्या. धोरण तत्त्वतः बरोबर होते, असे मी त्या वेळीही म्हटले होते आणि आजही म्हणतो. परंतु कारखान्याच्या भोंग्याजवळची शाळा गेली आणि दोन-तीन किलोमीटरवरची गावातली शाळा आली, तेव्हा ते अंतर मुलाला रोज कोण चालवत नेणार याचे उत्तर कोणी दिले नाही. कायद्याने तुमच्या बाजूने पुष्कळ दिले आहे. कलम ४ नुसार मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, आणि कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून सरकारी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. शिवाय गावच्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मिळते. त्यावर मुलाची इयत्ता आणि प्रगती लिहिलेली असते, ते दाखवून तो तिकडच्या शाळेत बसतो आणि परत आला की आपल्या वर्गात येतो. ज्या पालकांनी हे पत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवले आणि पोहोचल्यावर चार दिवसांत शाळा गाठली, त्यांच्या मुलांना मी वर्षभराने बऱ्या स्थितीत पाहिले. पण अशी घरे थोडी होती. फड दर काही दिवसांनी बदलतो, टोळी कधीकधी महिन्यात दुसऱ्या गावाच्या शिवारात जाते, आणि तिसऱ्या शाळेत नाव घालायला चिखलाने भरलेला माणूस जात नाही; त्याला लाज वाटते.

एक बारकावा विचारून घ्यावा. ‘सांगलीकडे’ म्हणजे नेमके कुठे? त्या पट्ट्यातल्या टोळ्या ऊस संपला की कधी सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातही वळवल्या जातात, आणि तिथल्या शिवाराजवळची शाळा कन्नड माध्यमाची निघाली तर तिसरीतला मुलगा तीन महिने वर्गात केवळ बसून राहील.

गावी ठेवण्याचा पर्याय मला एकंदरीत अधिक योग्य वाटतो, मात्र तो लोक समजतात तितका सोपा नाही. हंगामी वसतिगृह ही योजना बीड-जालना भागात बरीच वर्षे चालू आहे. गावातल्याच शाळेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली, आईवडील परतेपर्यंत मुलांच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय होते. नाव वसतिगृह असले तरी पुष्कळ गावांत मुले सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात आणि झोपायला आजी-आजोबांकडे जातात. तुमच्या घरी हेच जुळणारे आहे: आजींना चुलीपाशी उभे राहणे होत नाही, पण घरात मोठे माणूस म्हणून त्या आहेत. दोन गोष्टी मात्र माझ्या अनुभवातून सांगतो, कारण त्या कागदावर कुठेही लिहिलेल्या नसतात.

पहिली अशी की वसतिगृह वेळेवर सुरू होत नाही. सर्वेक्षण, प्रस्ताव, मंजुरी, निधी या साखळीत कुठेतरी दोन-चार आठवडे अडकतात. गाड्या नोव्हेंबरात सुटतात आणि स्वयंपाक डिसेंबरात पेटतो. चौदांपैकी नऊ-दहा हंगामांत माझ्या केंद्रात असे झाले. त्या मधल्या काळात पोरे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जेवतात, दोन-तीन दिवसांनी शेजाऱ्यांचाही चेहरा बदलतो, आणि मग आई फोनवर रडते व बाप एखाद्या परतीच्या गाडीने येऊन मुलांना घेऊन जातो. मुले गळतात ती मुख्यतः या तीन-चार आठवड्यांत. तेव्हा या दिवसांचे जेवण आधीच ठरवून, धान्य आणि थोडे पैसे त्या घरी पोहोचवून मगच दादा-वहिनींनी निघावे. सप्टेंबरच्या आत मुख्याध्यापकांना लेखी कळवावे की आम्ही जाणार आहोत, मुले इथे राहणार आहेत. सर्वेक्षणाच्या यादीत नाव नसले की नंतर कोणाच्या हातात फारसे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. संध्याकाळचे जेवण झाल्यापासून सकाळपर्यंतचे दहा तास वसतिगृहाचे नसतात. सातवीतली मुलगी, तिचा लहान भाऊ आणि डोळ्यांनी अधू असलेली म्हातारी एका घरात झोपणार असतील तर त्या घराला नीट कडी आहे का, उजेड आहे का, हाक मारल्यावर कोण येईल, हे प्रश्न विचारण्यात कोणताही कमीपणा नाही. इथे मला तुमच्याविषयी बोलणे भाग आहे. तुमच्या पत्रात आजी आहेत, मुकादम आहे, दादा-वहिनी आहेत. येत्या सहा महिन्यांत तुम्ही स्वतः रात्री कुठे झोपणार, याचा मात्र उल्लेख नाही. भरतीची तयारी धारूरच्या मैदानावरही होते, पळायला बालाघाटाचे चढ बीडच्या रस्त्यांपेक्षा बरे. तुमचे शिक्षण त्या कोयत्यावर झाले असे तुम्हीच लिहिले आहे, म्हणून एवढे स्पष्ट लिहिण्याचे धाडस करतो.

मुलांना मागे ठेवण्याचा सल्ला मी नेहमीच बरोबर दिला असे नाही. एका वाडीतल्या वडिलांना मी आग्रहाने सांगितले होते की पोराला इथेच राहू द्या. पोरगा सहा वर्षांचा होता, पहिलीत होता. आजोबा दिवसभर शेरडांमागे असत. तो शाळेत यायचा, पुढे बसायचा, आणि पहिल्या हंगामात हजेरीच्या रजिस्टरवर तो माझा आदर्श विद्यार्थी होता. दुसऱ्या हंगामात तो बोलेनासा झाला. चौथीपर्यंत तो शाळेच्या मागच्या ओढ्यात दिवस काढू लागला, आणि आईवडील परत आले की त्यांच्याजवळ जायचाच नाही. आईने हात पुढे केला की मागे सरकायचा. सतराव्या वर्षी त्याने अर्धा कोयता घेतला. हजेरी पाहून मी समाधानी राहिलो, ही माझी चूक होती. तेव्हापासून आठ वर्षांच्या आतल्या मुलाला आईपासून सहा महिने दूर ठेवा, असे मी कोणाला सांगितले नाही. तुमचा पुतण्या तिसरीत आहे आणि त्याला ज्या घराची सवय आहे तेच घर आहे, बहीण सोबत आहे. म्हणून त्याच्या बाबतीत मी ‘ठेवा’ म्हणतो, पण बहीण गेली तर तो एकटा राहणार नाही, हे धरून चाला. दोघांचा निर्णय एकत्रच होईल.

तिसरीच्या मुलाची एक साधी परीक्षा आत्ताच घ्यावी. दुसरीच्या पुस्तकातला न पाहिलेला उतारा त्याला मोठ्याने वाचायला द्यावा. अडखळत का होईना, अर्थ लावून वाचला तर हंगामातले थोडे नुकसान तो भरून काढेल. अक्षरे जोडूनच वाचत असेल तर दिवाळीपर्यंतचे तीन महिने रोज अर्धा तास त्याच्यापाशी बसा. वाचता न येणारा मुलगा चौथीनंतर वर्गात असूनही नसल्यासारखा असतो आणि त्याची गळती केवळ उशिरा दिसते.

मुलीचा प्रश्न वेगळा आहे आणि खरे सांगायचे तर तोच अधिक तातडीचा आहे. सातवी हा आपल्या भागात काठ आहे. बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते, आठवी चार-पाच किलोमीटरवरच्या गावात असते, आणि याच वयात घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते, तर बीड जिल्ह्यात ते ४३ टक्क्यांहून अधिक होते. यामागे अडाणीपणा आहे असे शहरातून आलेले पाहुणे म्हणतात. मी म्हणतो, यामागे दोन सरळ हिशोब आहेत: आईवडील सहा महिने दूर असताना वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे ही भीती, आणि लग्न झाल्याशिवाय मुलाचा पूर्ण कोयता होत नाही, म्हणून मुलाकडच्यांना असलेली घाई. पहिल्या हिशोबाला उत्तर देता येते. मुलगी निवासी शाळेत सुरक्षित आहे असे दिसले की ती भीती कमी होते आणि लग्नाचे बोलणे निदान चार वर्षे लांबते; हे मी किती घरांत पाहिले, त्याची गणती केली नाही, पण ती घरे पुष्कळ आहेत.

म्हणून तिच्या आठवीचा विचार या पावसाळ्यातच करावा. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात सहावीपासून मुलींची राहण्याची सोय असते. तुमच्या किंवा शेजारच्या तालुक्यातल्या विद्यालयात जागा आहे का, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन विचारावे, फोनवर ‘पाहू’ एवढेच उत्तर मिळते. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. विमुक्त जाती किंवा भटक्या जमातींत असाल तर त्या प्रवर्गांच्या निवासी आश्रमशाळा आहेत, पण त्या डोळे झाकून निवडू नयेत, दुपारी जेवणाच्या वेळी न सांगता जाऊन पाहाव्यात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली: ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर मुलांची. त्यांपैकी काही भाड्याच्या इमारतींत सुरू झाली आहेत. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी आणि जाताना दादा-वहिनींचे ऊसतोड कामगार ओळखपत्र न्यावे; ते ग्रामसेवकांकडून मिळते आणि नसेल तर हंगामाआधी करून घ्यावे. आठवी शेजारच्या गावात एसटीनेच करायची ठरली तर ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. गाडी वेळेवर येते का, हा प्रश्न वेगळा.

कागदपत्रांच्या बाबतीत ऊसतोडीच्या घरांचे एक खास नुकसान होते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासी असे दाखले बाप गावी असताना, म्हणजे मे ते सप्टेंबर या काळातच निघू शकतात. अर्जांच्या तारखा पुष्कळदा नेमक्या हंगामात येतात. दादा गावी आहेत तोवर सगळे दाखले काढून एका फाइलमध्ये घालून तुमच्याकडे ठेवा. मुलगी पुढच्या वर्षी आठवीत जाईल, तेव्हा तिला आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा, ज्याला आपल्याकडे एनएमएमएस म्हणतात. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये खात्यावर येतात. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागते, आणि सातवीला ५५ टक्के गुण लागतात, म्हणजे तिची तयारी या वर्षीपासूनच सुरू झालेली आहे. एक सावधगिरी: शासनाच्या ज्या शाळांत राहण्या-जेवण्याची सोय सरकार करते, तिथल्या मुलांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही, तेव्हा निवासी शाळा निवडताना या रकमेचाही विचार करावा. मी स्वतः मुलीच्या सुरक्षिततेला आधी महत्त्व देईन. मुलासाठी नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा पाचवीत असते आणि ती एकदाच देता येते. तिथल्या ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असल्या तरी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावी लागते, आणि पाचवी त्याच जिल्ह्यात. कधीकाळी त्याला सोबत न्यावेच लागले तरी गावच्या शाळेतून त्याचे नाव काढू नका, हमी पत्रकावरच न्या. एका दाखल्यापायी ही वाट बंद झालेली मुले मला ठाऊक आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न असा होता की आईवडील एवढे झिजतात, त्यातून मुलांचे भले होते का. काहींचे होते. माझ्या केंद्रातून गेलेली एक मुलगी जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम करून आज एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, दोघे पोलीस खात्यात आहेत, एक मुलगा कृषी पदविका घेऊन खताच्या दुकानात बसतो आणि त्याच्या आईबापांनी पाच वर्षांपूर्वी कोयता ठेवला. पण त्यांच्या आईबापांनी इतरांपेक्षा अधिक टन तोडले होते, असे मला कधी आढळले नाही. बालाघाटात कष्ट न करणारा कोयता नसतोच. फरक असा दिसला की त्या घरांनी उचल बेताची घेतली, एखादे लग्न किंवा घरावरचे पत्रे पुढे ढकलले, आणि मुलांची शाळा ज्या वर्षी बदलणार होती, त्या वर्षी दोघांपैकी एकाने गावी राहण्याची तयारी ठेवली. परिचारिका झालेल्या मुलीच्या आठवीच्या वर्षी तिची आई गेलीच नाही. बापाने मेहुण्याबरोबर जोडी लावली. कमाई कमी झाली, भावकीत नावे ठेवली गेली. ते एकच वर्ष होते. तुमच्या पुतणीचे ते वर्ष पुढचे आहे.

वहिनींच्या प्रकृतीचाही विचार याच हिशोबात धरावा. २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या १३ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडू नये, दंड लागू नये ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. मुलांसाठी झिजणे हे बोलायला चांगले वाटते, पण पस्तिशीत कंबर मोडलेल्या आईला पाहून दहावीतली मुलगी शाळा सोडते, आणि ती सोडू नको असे तिला सांगण्याचे बळ माझ्यातही नसे. यंत्रे येत आहेत, हेही ध्यानात असावे. हार्वेस्टर ज्या फडात उतरतो तिथे टोळीला मागे उरलेला, पडलेला, अवघड ऊस मिळतो. आणखी दहा वर्षे कोयता आपल्याला असाच पोसेल, असे धरून मोठी बाकी अंगावर घेणे मला धोक्याचे वाटते.

एक गोष्ट दादांना तुम्ही हळुवारपणे सांगा. ‘आमच्यासारखे होऊ नका’ हे वाक्य आपल्याकडचा प्रत्येक बाप मुलांना जाताना सांगतो. त्यात माया असते, पण मुलाला त्यातून असे ऐकू येते की माझा बाप लाज वाटावी असा आहे. वर्गात ‘वडील काय करतात’ विचारले की ‘शेती’ सांगणारी कित्येक मुले मी पाहिली आहेत. तेवढे वाक्य वगळून बाकी सगळे बोलावे.

आता करायचे काय, ते सांगतो. मुकादम घरी येईल तेव्हा एक लाख वीस हजारांना लगेच हो म्हणू नये. दीड टनाच्या हिशोबाने आणि १२० दिवस धरून जी रक्कम फिटते, ती साधारण पासष्ट हजार होते. गरज नीट मोजून त्याच्या आसपास, फार तर ऐंशीपर्यंत थांबावे. मुले सोबत नसतील हे त्याच बैठकीत स्पष्ट सांगावे, म्हणजे ‘पोरगी आली असती तर’ हे पुढे ऐकावे लागणार नाही. जानेवारीत दोन दिवस वहिनी गावी येऊन जातील आणि ते खाड्यात धरायचे नाहीत, हेही तेव्हाच कबूल करून घ्यावे. पैसे देण्याआधी मुकादम जितके ऐकतो तितके नंतर ऐकत नाही. तो काही परका नसतो, आपल्याच पंचक्रोशीतला असतो, आणि त्याची स्वतःची मुले लातूरला क्लासला असतात, तेव्हा शाळेचे महत्त्व त्याला समजावून सांगावे लागणार नाही.

त्या बैठकीत तुमच्या पुतणीला चहा करायला आत पाठवू नका, वही घेऊन बाहेर बसवा. सातवीच्या मुलीला टक्केवारी आणि शेकड्याचे व्याज येते. ठरलेली रक्कम, दर, खर्ची, खाड्याचा दंड तिच्या अक्षरात लिहून घ्या. हंगाम सुरू झाला की दादांनी दर रविवारी रात्री फोन करावा आणि आठवड्यात किती खेपा भरल्या, पावतीवर किती टन पडले, किती खर्ची उचलली ते तिला सांगावे. तिने तारीखवार लिहावे आणि भावाला बेरीज करायला द्यावी. घरापासून अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या बापाशी ‘जेवलास का’ यापलीकडे काय बोलायचे, हे मुलांना सुचत नाही, आणि महिन्याभरात फोन तुटक होत जातात; वहीमुळे बोलायला विषय राहतो. माझ्या केंद्रातल्या एका मुलीने अशी वही तीन हंगाम ठेवली होती, आणि पाडव्याच्या हिशोबात मुकादमाच्या डायरीत न चढलेल्या अकरा खेपा तिच्या वहीतून निघाल्या. वही दोनशे पानी घ्या. शंभर पानी फेब्रुवारीतच संपते.